दुकान आपले, गिऱ्हाईक दुसऱ्याचे

काटोल-नरखेडचा परिसर म्हणजे संत्र्याचा मुलूख. वरुड-मोर्शीसह या साऱ्या पट्ट्याला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणण्याची जुनी चाल आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आंबिया बहर तोडणीला आला की काटोलच्या रस्त्यांवर संत्र्यांनी भरलेल्या कॅरेटांच्या गाड्या दिसू लागतात. बाग बहुधा झाडावरच व्यापाऱ्याला विकली जाते. पुढे ते फळ कोणत्या शहरात गेले, कोणाच्या ताटात पडले आणि काय भावाने विकले गेले, हे बागाईतदाराला कळतही नाही. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेले, तेव्हा त्याचा फटका मात्र थेट त्याच्या ओट्यापर्यंत येऊन पोचला.

याच बागाईतदाराच्या घरातील मंडळी दिवाळीच्या खरेदीला साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला जातात. तेथील वातानुकूलित मॉलमध्ये चकचकीत फळ्यांवर परदेशातून आलेली संत्री नीट कागदात गुंडाळून मांडलेली असतात. शेजारी संत्र्याच्या रसाच्या बाटल्या असतात. त्या फळीवर आपल्या गावचे फळ का नाही, असा प्रश्न घरातल्या एखाद्या चौकस मुलाने विचारला, तर वडीलधाऱ्यांना उत्तर सुचत नाही. उत्तर सरळ आहे. माल आपला असला तरी फळी आपली नाही. ज्याची फळी, त्याचा भाव.

ही फळी सामान्य माणसाच्या मालकीची असावी, असा प्रयत्न महाराष्ट्रात झालाच नाही असे नाही. तो झाला, यशस्वी झाला, देशभर नावाजला गेला आणि नंतर मागे पडला. त्या प्रयत्नाचे नाव 'अपना बाजार'. जुन्या, नावारूपाला आलेल्या भांडार-साखळीला नवे रूप देणे इतके अवघड का असते, हे समजून घ्यायचे असेल, तर इतिहास येथूनच वाचायला हवा.

नायगावचे बीज

स्वातंत्र्य मिळून वर्षही लोटले नव्हते. युद्धकाळातील टंचाई, रेशनच्या रांगा आणि काळा बाजार यांनी मुंबईचा गिरणी कामगार गांजून गेला होता. अशा वेळी १९४८ साली नायगावात कामगारांनी आपले ग्राहक सहकारी भांडार सुरू केले. भागभांडवल तुटपुंजे होते, पण मापात पाप नव्हते आणि मालात भेसळ नव्हती. या कामात पुढाकार घेणारी दादा सरफरे यांच्यासारखी माणसे कामगार चळवळीत घडलेली होती. त्यांचे वैचारिक कूळ वेगळे असेल. परंतु संघटित समाज स्वतःच्या बळावर स्वतःची गरज भागवू शकतो, हा त्यांचा विश्वास कोणत्याही राष्ट्रीय विचाराच्या माणसाला आपलाच वाटावा असा होता.

या विचाराचे मूळ इंग्लंडमधील रॉचडेल गावात सापडते. १८४४ च्या डिसेंबरात तेथील २८ जणांनी, प्रामुख्याने विणकरांनी, पीठ, साखर, लोणी अशा मोजक्या जिनसांचे दुकान थाटले. शुद्ध माल, चोख माप, रोखीचा व्यवहार, एका सभासदाला एक मत आणि खरेदीच्या प्रमाणात नफ्याची वाटणी, हे त्यांचे नियम होते. जगभरच्या ग्राहक सहकाराने पुढे तेच आपले मानले.

भारतात या चळवळीला सरकारी पाठबळ मिळाले ते साठच्या दशकात. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर महागाई वाढली. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि भाव कडाडले. भाववाढीला आळा घालण्यासाठी मोठ्या शहरांत सहकारी भांडारे काढण्याचे धोरण केंद्राने आखले. त्याच वर्षी दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमध्ये 'सुपर बाजार' उघडला. १९६८ साली मुंबईत 'सहकारी भांडार' सुरू झाले आणि त्याच वर्षी नायगावच्या संस्थेने 'अपना बाजार' या नावाने आपले पहिले मोठे बहुवस्तू भांडार उघडले. धान्यापासून कापडापर्यंत आणि भांड्यांपासून औषधांपर्यंत सारे एका छताखाली, निश्चित किमतीला आणि पावतीसह मिळू लागले. कामगाराच्या कुटुंबाला असा मान देणारे दुकान तोवर क्वचितच होते. हळूहळू मुंबईच्या उपनगरांत शाखा वाढल्या. 'अपना बाजारातून आणले आहे' या चार शब्दांत मालाची हमी सामावलेली असे.

ग्राहकच हरवला

मग बिघडले कोठे? पहिला घाव संस्थेच्या हातचा नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपाची औपचारिक सांगता कधी झालीच नाही. गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि ज्या घरांच्या महिन्याच्या पगारावर भांडाराचा गल्ला चाले, ती घरे विस्कटली. कोणी कोकणात परतले, कोणी देशावर गेले, कोणी विरार-कल्याणपलीकडे फेकले गेले. पुढे त्याच गिरण्यांच्या जमिनींवर मॉल उभे राहिले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज झगमगते व्यापारसंकुल आहे. जेथे कामगार भोंग्यावर धावत असे, तेथे त्याची नात विक्रेती म्हणून उभी राहू लागली.

नागपूरकरांना हे चित्र नवे नाही. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली एम्प्रेस मिल बंद पडली आणि तिच्या जागेवरही मॉलच आला. गिरणीच्या गावातील ग्राहक आणि मॉलच्या गावातील ग्राहक ही दोन वेगळी माणसे आहेत. पहिल्याला चोख माप हवे होते. दुसऱ्याला चोख माप गृहीतच धरायचे असते. त्याला निवड हवी, मोकळी जागा हवी, गाडी लावायला सोय हवी आणि रविवारी कुटुंबासह फिरण्याचा आनंदही हवा. ज्या भांडाराची सारी पुण्याई चोख मापावर उभी होती, त्याला हा बदल पचवणे कठीण गेले.

शिष्य पुढे गेला

या कथेतील सर्वांत बोलका प्रसंग १९९९ सालचा आहे. त्या वर्षी राधाकिशन दमाणी या गुंतवणूकदाराने नवी मुंबईतील नेरूळ येथे दुकान चालवायला घेतले. ते होते अपना बाजारचे, फ्रँचायझी पद्धतीचे. सहकारी भांडाराच्या फळ्यांमागे उभे राहून त्यांनी मध्यमवर्गीय गिऱ्हाईक जवळून पाहिले, आणि २००२ साली पवईत स्वतःचे पहिले 'डी-मार्ट' उघडले. पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. २०१७ च्या मार्चमध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांचा भाव दुपटीवर गेला, आणि आज तिच्या दुकानांची संख्या चारशेच्या पुढे आहे.

डी-मार्टने कोणती जादू केली? जादू कसलीच नाही. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, म्हणजे भाड्याचा बोजा नाही. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते, म्हणजे त्याच्याकडून जास्त सवलत. वस्तू मोजक्या पण रोज लागणाऱ्या, म्हणजे माल फळीवर पडून राहत नाही. सजावटीवर खर्च कमी. विस्तार सावकाश. या यादीवर नजर टाकली, तर ध्यानात येते की यात रॉचडेलच्या विणकरांना अनोळखी वाटावे असे फारसे काहीच नाही. रोखीचा व्यवहार, साधेपणा, कमी नफ्यावर जास्त उलाढाल हे सारे सहकाराचेच धडे. शिष्याने ते पाठ केले आणि गुरू मात्र पाठ विसरला, असे म्हणण्याची वेळ आली.

उलट उदाहरणही याच महाराष्ट्रातून कारभार करणाऱ्या समूहाचे आहे. २००१ साली सुरू झालेल्या 'बिग बझार'ने गर्दीचा बाजार छताखाली आणला आणि देशाला वेड लावले. परंतु विस्तार कर्जावर उभा होता. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद पडली, व्याज मात्र चालू राहिले. रिलायन्सशी झालेला सुमारे २४,७०० कोटींचा सौदा ॲमेझॉनच्या हरकतीने अडला, २०२२ च्या एप्रिलमध्ये धनकोंनी तो फेटाळला आणि त्याच वर्षी फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तेव्हा खासगी भांडवल म्हणजे यश आणि सहकार म्हणजे अपयश, असे सोपे समीकरण मांडता येत नाही. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे.

परदेशांतील ठेच

जुन्या साखळीला नवे रूप देताना केवढी घाई अंगाशी येते, याचा धडा अमेरिकेतील जे. सी. पेनी या शतकभर जुन्या भांडाराने दिला आहे. २०११ साली तेथे रॉन जॉन्सन प्रमुख म्हणून आले. ॲपलची दुकाने यशस्वी करणारा हा माणूस. त्यांनी सवलतीची कुपने आणि सततचे 'सेल' एका फटक्यात बंद केले आणि सरळ, प्रामाणिक किमती लावल्या. तत्त्वतः ते योग्यच होते. परंतु कुपने कापून ठेवणाऱ्या, सवलत मिळाली की विजय मिळाल्याच्या आनंदाने घरी जाणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला कोणी विचारलेच नव्हते. एका वर्षात विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घसरली, २०१३ साली जॉन्सन यांना जावे लागले, आणि २०२० साली कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. नवा ग्राहक येण्याआधीच जुना ग्राहक निघून गेला.

दुसरा धडा खुद्द रॉचडेलच्या वारसाचा आहे. ब्रिटनचा को-ऑपरेटिव्ह समूह २०१३ साली बुडण्याच्या काठावर आला होता. त्याच्या बँकेत दीड अब्ज पौंडांची तूट उघड झाली. चौकशीसाठी नेमलेल्या लॉर्ड मायनर्स यांनी २०१४ साली अहवाल दिला. त्यातील मुख्य निष्कर्ष कडू होता: संचालक निवडून येत, पण एवढा मोठा व्यवसाय समजण्याची पात्रता त्यांच्यापैकी अनेकांकडे नव्हती. सभासदांनी त्याच वर्षी कारभाराची नवी घडी मतदानाने मान्य केली. मालकी सभासदांकडे राहिली, कारभार जाणकारांकडे गेला आणि समूह तगला. एकशे सत्तर वर्षांची संस्था स्वतःचा दोष उघडपणे मान्य करू शकली, हेच तिच्या जिवंतपणाचे लक्षण होते.

दुखणे कोठे आहे

भारतातील ग्राहक सहकाराचे दुखणे याहून वेगळे नाही. दिल्लीचा सुपर बाजार सरकारी हस्तक्षेप, अवाढव्य नोकरवर्ग आणि वाढत्या तोट्याखाली दबून २००२ साली अवसायनात गेला. मुंबईच्या सहकारी भांडाराला २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिलायन्स रिटेलचा हात धरावा लागला. अपना बाजार आजही आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु एके काळी साऱ्या मुंबईला दिशा दाखवणारे नाव आज अनेक नावांपैकी एक होऊन राहिले आहे.

अशा संस्थांपुढील अडचणी मोजल्या तर पाच दिसतात. पहिली, भांडवलाची. सहकारी संस्था समभाग विकून कोट्यवधी उभे करू शकत नाही. तिला सभासदाच्या भागावर, ठेवीवर आणि साठवलेल्या नफ्यावरच चालावे लागते. दुसरी, खरेदीची. शंभर दुकानांसाठी एकत्र माल घेणाऱ्याला जो भाव मिळतो, तो दहा दुकानांच्या संस्थेला मिळत नाही. तिसरी, कारभाराची. निवडणूक जिंकण्याचे कौशल्य वेगळे आणि किती साबण, किती तूरडाळ, किती दिवसांसाठी भरावी हे ठरवण्याचे कौशल्य वेगळे. चौथी, वेगाची. दहा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या सेवांनी आता महानगरांतील किराणा दुकानदाराचीही झोप उडवली आहे.

पाचवी अडचण सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी आहे. ती सभासदाची. वार्षिक सभेत लाभांशासाठी हात वर करणारा सभासद महिन्याचा किराणा मात्र दुसरीकडे भरतो. त्याला भाग आपला वाटतो, दुकान आपले वाटत नाही. स्वदेशीवर तासभर तळमळीने बोलणारे कार्यकर्तेही याला अपवाद नाहीत. २०१२ साली बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा देशभर 'बंद' पुकारला गेला, घोषणा घुमल्या. तो विरोध योग्यच होता. पण घोषणा देऊन घरी परतल्यावर त्या घरांतील पिशवी कोठे भरली गेली, याचा हिशेब कोणी मांडला नाही. २०१८ साली वॉलमार्टने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा तर रस्त्यावर उतरायचीही सोय उरली नव्हती. परकीय दुकान खिशातल्या फोनमध्येच येऊन बसले होते.

दुकानाविना भांडार

या निराशेत एक दिलासा महाराष्ट्रातच आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची वितरणव्यवस्था विलक्षण साधी आहे. शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, पैसे एकत्र भरायचे आणि आलेला माल आपसात वाटून घ्यायचा. ना काचेची दालने, ना जाहिरात, ना शिल्लक मालाचा बोजा. हजारो कुटुंबांनी दशकानुदशके हे चालवले, आणि त्यात पुढाकार मुख्यत्वे गृहिणींचा राहिला. आज संगणकीय व्यवस्थापनाचे पंडित 'मागणी आधी, खरेदी नंतर' हे सूत्र नव्याने सांगतात. मुंबई-पुण्याच्या गृहिणी ते कधीपासून आचरत आल्या आहेत.

तिकडे वारणेच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखान्याच्या जोडीने 'वारणा बाजार' उभा करून दाखवला. बहुवस्तू भांडार हे केवळ महानगराचे लेणे नसून खेड्यातील शेतकऱ्याच्या घराचीही गरज आहे, हे त्याने सिद्ध केले. आणंदच्या दूध उत्पादकांनी १९४६ पासून जे घडवले, त्यातही मर्म हेच होते: मालकी शेतकऱ्याची, व्यवस्थापन व्हर्गिस कुरियन यांच्यासारख्या व्यावसायिकाचे.

या तीन धाग्यांची एकत्र वीण घातली, तर जुन्या भांडारांच्या नवनिर्मितीची दिशा दिसू लागते. संचालक मंडळाने धोरण ठरवावे; खरेदी आणि साठा पगारी जाणकारांवर सोपवावा आणि त्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये. वेगवेगळ्या ग्राहक संस्थांनी आपापली पाटी कायम ठेवून खरेदी एकत्र करावी. सभासदाची मागणी आधी नोंदवावी. हातातला फोन त्यासाठीही वापरता येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खासगी साखळीला जे सहजी साधणार नाही ते करावे: उत्पादक आणि ग्राहक यांची थेट गाठ घालून द्यावी.

येथे पुन्हा काटोलकडे वळावे लागते. नायगावच्या किंवा डोंबिवलीच्या पाचशे कुटुंबांनी हिवाळ्यात दर पंधरवड्याला ठरावीक पेट्या घेण्याचे आधीच कबूल केले, तर काटोलच्या एखाद्या उत्पादक गटाला बाग झाडावर विकून मोकळे होण्याची गरज उरणार नाही. फळ निवडणे, धुणे, प्रतवारी करणे ही कामे गावातच होतील आणि त्यांची मजुरीही गावातच राहील. त्याच गाडीतून परतताना काटोलच्या भांडारासाठी साबण, तेल, वह्या आणता येतील. यात अद्भुत काहीच नाही. अवघड आहे ती शिस्त: कबूल केलेली पेटी बाजारात भाव पडला तरी घेण्याची, आणि कबूल केलेले फळ बाजारात भाव चढला तरी देण्याची. हजार भाषणांनी जे साधत नाही, ते अशा एका पाळलेल्या शब्दाने साधते.

केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन केले. त्यातून कायद्याचे अडथळे दूर होतील, कर्ज मिळेल, संगणक येतील. पण भांडाराला जे सर्वांत जास्त हवे असते, ते कोणतेही मंत्रालय देऊ शकत नाही. ते म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पिशवी घेऊन येणारा सभासद.

१९४८ साली नायगावच्या कामगाराजवळ पैसा नव्हता, जागा नव्हती, व्यवस्थापनाची पदवी नव्हती. होता तो एकच निश्चय, की आपल्या घरचे मीठ-पीठ आपल्याच दुकानातून यायचे. जुन्या संस्थेला नवे रूप द्यायचे म्हणजे रंगरंगोटी करून पाटी बदलायची नव्हे. तो निश्चय पुन्हा करायचा. दुकान नवे करण्याआधी गिऱ्हाईक नवे व्हावे लागते. ते काम नायगावात सुरू होऊ शकते, तसेच काटोलातही. आणि त्याचा आरंभ कोणाच्याही घरातील किराण्याच्या यादीपासून करता येतो.